गळका नळ कोणाचा?

भाड्याच्या घरातला नळ गळू लागला की घरात लगेच दोन मते पडतात. एक म्हणते, ‘आपलं घर थोडंच आहे? मालकांना सांगा.’ दुसरे म्हणते, ‘अहो, एवढ्याशा वॉशरसाठी त्यांच्या दारात कुठे जायचं? बोलवा त्या प्लंबरला.’ या वादात आठवडा जातो. नळाखाली बादली लागते, रात्री तिचा टपटप आवाज नको म्हणून बादलीत फडके पडते. पंधरा दिवसांनी पलीकडच्या भिंतीवर ओलीचा नकाशा उमटतो आणि मग मालक विचारतात, ‘इतके दिवस सांगितलं का नाही?’ सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६ हजार ४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तरी चार लिटरहून अधिक पाणी रोज गेले.

बिऱ्हाडकरूच्या घरातली मोडतोड स्वतःच्या घरातल्या मोडतोडीहून काही निराळी नसते. नळ तेच, फ्यूज तेच, पावसाळ्यात फुगणारे दारही तेच. निराळा असतो तो आधीचा प्रश्न, की हे काम कोणाचे? घराचे खरे नुकसान होते ते हा प्रश्न लोंबकळत राहतो त्या दिवसांत.

पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांना हा प्रश्न दर वैशाखात पडत असे. मृगाच्या आत कौले शाकारून घ्यायला हवीत. फुटकी काढायची, मांजरांनी सरकवलेली जागेवर बसवायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. मालक म्हणत, ‘तुमच्या भाड्यात कौलंसुद्धा येत नाहीत.’ मग बिऱ्हाडकरू वर्गणी काढत. माडीवरचा म्हणे, सगळ्यांनी सारखे द्यावे. तळमजल्यावरचा म्हणे, पाणी तुमच्या अंथरुणावर पडते, मी का द्यावे? तोवर पहिली सर येऊन जाई.

मालकांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले आणि पुढे कित्येक दशके भाडी तिथेच खिळून राहिली. गवंड्याची मजुरी आणि सिमेंटचे पोते मात्र खिळले नाही. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला घर सोडवेना आणि इमारत दोघांच्या मध्ये खचत राहिली. दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारती इतक्या धोकादायक झाल्या की १९६९ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले आणि त्यासाठी उपकर बसवावा लागला. म्हाडाच्या छत्राखालचे आजचे दुरुस्ती मंडळ ते हेच. त्याच्या यादीत सुरुवातीला १९ हजार ६०० हून अधिक इमारती होत्या. हा सारा पसारा ‘दुरुस्ती कोणी करायची’ या एका अनुत्तरित प्रश्नातून उभा राहिला आहे.

कायद्याच्या पुस्तकात मात्र उत्तर आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १४ सांगते की, उलट काही करार झालेला नसेल तर जागा राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. त्याने ते टाळले तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतरही वाजवी मुदतीत काम झाले नाही तर स्वतः दुरुस्ती करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पावत्यांसह ठेवलेला हिशेब हा त्या खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो. मर्यादा एकच. अशी वळती करायची रक्कम एका वर्षात त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये.

वाचायला हे फार छान वाटते. आता जरा हिशेब करू. जुन्या चाळीतल्या पागडीच्या खोलीचे भाडे महिना ३०० रुपये आहे असे समजा. वर्षाचे ३,६०० झाले. त्याचा चौथा हिस्सा ९०० रुपये. नऊशे रुपयांत छताचे सुटलेले प्लास्टर नव्याने करून द्यायला आज गवंडी एक दिवससुद्धा यायचा नाही. उलट उपनगरातल्या एका फ्लॅटचे भाडे १८ हजार धरा. वर्षाचे २ लाख १६ हजार. चौथा हिस्सा ५४ हजार. एवढ्या रकमेत बाथरूमची फरशी उखडून नवी घालता येईल. पण गंमत अशी की हा फ्लॅट बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिलेला असतो. कलमातला शब्द ‘भाडेकरू’ आहे, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नव्हे, परवानाधारक. म्हणजे ज्याला कलमाचा हक्क आहे त्याला तो पुरत नाही आणि ज्याला तो पुरला असता त्याच्यासाठी कलम लिहिलेलेच नाही. त्याचे सारे भवितव्य करारनाम्यात.

आणि करारनामा वाचतो कोण? एजंट जिथे बोट ठेवील तिथे आपण सही करतो. बहुतेक छापील करारांत एक वाक्य असते, की किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी, मोठी दुरुस्ती मालकाने. किरकोळ म्हणजे काय? मालकाच्या मते गीझर बदलणेसुद्धा किरकोळ, आणि राहणाऱ्याच्या मते दिव्याचा होल्डरही मोठा. यावर साधा इलाज आहे. करार होण्याआधीच रुपयांत आकडा लिहून घ्यावा. एका वेळी इतक्या रुपयांपर्यंतचे काम राहणाऱ्याचे, त्यावरचे मालकाचे. आकडा हजार असो की दोन हजार. तो लिहिलेला असला की निम्मी भांडणे जन्मालाच येत नाहीत. अनेकांचा असाही समज असतो की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. महाराष्ट्रात तो खरा नाही. कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘कशाला तो खर्च’ म्हणणाऱ्या मालकांना हे ठाऊक नसते.

कोणते काम कोणाचे याची एक बरी यादी केंद्र सरकारने केलेली आहे. २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर केला, त्याला ती जोडलेली आहे. हा नमुना आहे; राज्याने स्वीकारल्याखेरीज तो कायदा होत नाही. पण करार लिहिताना ती यादी समोर ठेवायला कोणाची हरकत नाही. इमारतीच्या ढाच्याची दुरुस्ती, भिंतींना सफेदी, दारे-खिडक्यांना रंग, पाण्याचे पाइप बदलणे, वायरिंग बदलणे ही कामे मालकाची. नळ आणि त्याचे वॉशर, तुंबलेली मोरी, संडास-बेसिनची दुरुस्ती, गीझरची दुरुस्ती, स्विच आणि सॉकेट, कुलपे-कड्या, फुटलेल्या काचा ही राहणाऱ्याची. थोडक्यात, हाताने वापरतो ते आपले आणि भिंतीच्या आत असते ते त्यांचे. आमच्या मते गीझरची गोष्ट वादाची आहे. दहा वर्षांचा जुना गीझर हाती द्यायचा आणि दुरुस्ती नव्या माणसाच्या माथी, हा न्याय नव्हे. ते करारात वेगळे लिहून घ्यावे.

खरा वाद पेटतो तो गळतीवर. कारण तिथे मालक आणि राहणारा हे दोघेच नसतात. वरच्या मजल्याचे बिऱ्हाड असते आणि सोसायटीही असते. छतावर ओल दिसली की पहिला फोन मालकाला जातो, मालक सोसायटीकडे बोट दाखवतात, सोसायटीचे सेक्रेटरी वरच्या मजल्याकडे, आणि वरचे म्हणतात, ‘आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे.’ त्यांच्याकडे कोरडेच असणार. पाणी खाली येते, वर जात नाही.

म्हणून फोन करण्याआधी तीन-चार दिवस नुसते बघावे आणि वेळ लिहून ठेवावी. पाऊस पडल्यावरच ठिबकत असेल आणि उघडीप मिळाली की थांबत असेल, तर पाणी गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीच्या तड्यातून येते आहे. दिवसरात्र सारखेच ठिबकत असेल, उन्हाळ्यातही, तर भरलेल्या पाइपाला कुठेतरी छिद्र आहे. सकाळी आठ ते दहा वाढते आणि दुपारी ओसरते, तर वरच्या बाथरूममधून सांडपाणी जाते तिथला सांधा किंवा फरशीच्या फटी पाझरताहेत. प्लंबर याची खात्री सोप्या रीतीने करतात. वरच्या बाथरूममधले पाणी जायचे तोंड बंद करून फरशीवर इंच-दीड इंच पाणी चोवीस तास साठवून ठेवतात. थोडा रंगही घालतात. खाली रंगीत पाणी आले की वाद मिटतो. वरचे कुटुंब याला सहजी राजी होत नाही, हे खरे. पण सेक्रेटरी, मालक आणि वरचे यजमान असे तिघे एका रविवारी सकाळी चहाला बोलावले, तर पुष्कळदा काम होते. चहाचा खर्च आपल्याकडे.

कारण कळले की पैसे कोणाचे हेही कळते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, पावसाचे पाणी आणि बाहेरच्या सामाईक नळवाहिन्या यांची गळती संस्थेच्या खर्चाने दुरुस्त व्हायची असते. सदनिकेच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती त्या सदस्याच्या खर्चाने. यात राहणारा कुठेच नाही. पण त्याची अडचण निराळी असते. तो सदस्य नसल्यामुळे त्याच्या अर्जाला सोसायटीत वजन नसते. तेव्हा अर्ज मालकाच्या सहीने जायला हवा. मालक नाशकात किंवा अमेरिकेत असतील तर मजकूर आपण तयार करून त्यांना धाडावा आणि त्यांनी तो आपल्या नावाने सोसायटीला पाठवावा. मालक नुसते ‘बघतो’ म्हणतात, ते बरेचदा आळसाने; कागद तयार मिळाला की सही होते.

ओल्या भिंतीला रंग लावून घेऊ नये, मालक हौसेने देत असले तरी. भिंत आतून ओली असताना वरून दिलेला रंग महिन्या-दोन महिन्यांत पापुद्र्यांनी सुटतो आणि लोणा पुन्हा बाहेर येतो. गळती थांबवावी, दिवाळीपर्यंत भिंत सुकू द्यावी, मग रंग. तोवर कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवावे, म्हणजे मागे हवा खेळते आणि कपड्यांना बुरशी येत नाही.

किरकोळ कामांना फार शब्द नकोत. नळ दुरुस्त करताना आधी त्या नळाचा किंवा घराचा मुख्य कॉक बंद करावा. जुन्या फिरवायच्या नळात वॉशर असतो, पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नव्या नळात वॉशर नसून आतला स्पिंडलच बदलावा लागतो. दुकानात जाताना जुना नग खिशात घालून न्यावा. बेसिन तुंबले तर रबरी पंप मारून बघावा, नाहीतर खाली बादली ठेवून बेसिनखालची वाटी उघडावी. बहुतेक वेळा केसांचा गोळा निघतो. मोरीत ॲसिड ओतण्याची आपल्याकडे भारी हौस आहे. त्यावर ब्लीचिंग पावडर कधीही टाकू नये. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

दाराचे मात्र थोडे सांगायला हवे. आषाढात दार चौकटीत घट्ट बसते आणि सुतार बोलावून रंधा मारून घेतला जातो. मार्गशीर्षात लाकूड आटते आणि तेच दार फटीतून वारा आत घेऊ लागते. पुढे घर सोडताना मालक ती फट दाखवतात. तेव्हा पावसाळाभर दाराच्या घासणाऱ्या कडेला मेणबत्ती किंवा साबणाची वडी फिरवावी आणि बिजागरीचे सैल स्क्रू आवळावेत. दिवाळीनंतरही दार घासत असेल तरच रंधा.

विजेच्या बाबतीत मात्र ‘किरकोळ’ हा शब्द जपून वापरावा. एमसीबी पडला तर घरातली सगळी बटणे बंद करून तो वर करावा आणि एकेक उपकरण चालू करत जावे; जे लावल्यावर पडेल ते दोषी. काहीच लावलेले नसताना पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये आहे. मग तो पुनःपुन्हा वर करत बसू नये, आणि काडी अडकवून धरून तर मुळीच ठेवू नये. जुन्या घरात फ्यूज असेल तर त्यात ठरलेल्या जाडीचीच तार घालावी. जाड तांब्याची तार घातली की फ्यूज जात नाही हे खरे, त्याऐवजी भिंतीतली वायर जळते. बाथरूमच्या नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर गीझरचे बटण त्या क्षणी बंद करावे. अर्थिंग तुटलेले असण्याचा संभव मोठा असतो. असे घर तीस मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय वापरू नये, आणि ते बसवून मागताना भीड धरू नये.

गॅस गीझरची गोष्ट याहून गंभीर आहे. बंद बाथरूममध्ये गॅस जळताना प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आंघोळीला गेलेला माणूस बाहेर येत नाही, तेव्हा घरच्यांना कळते. थंडीच्या दिवसांत अशा बातम्या महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांत दरवर्षी येतात. घर बघायला जाल तेव्हा गीझर विजेचा की गॅसचा हे आधी पाहा. गॅसचा असेल आणि तो बाथरूमच्या आत बसवलेला असेल, तर बाहेर मोकळ्या हवेत हलवून दिल्याखेरीज किल्ली घेऊ नये. इथे पंधरा दिवसांची नोटीस वगैरे काही नाही. त्या दिवसापासून पाणी चुलीवर तापवावे.

काही गोष्टींना राहणाऱ्याने हातच लावू नये. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम १६ लेखी परवानगीवाचून पक्के बांधकाम करणाऱ्या भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा हक्क मालकाला देते. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी, एअर कंडिशनर, धुराडे यांना त्यातून सूट आहे. मात्र जिथे पालिकेची परवानगी लागते तिथे ती घ्यावीच लागते. भिंत पाडणे, खांब तासणे, पोटमाळा टाकणे याची सूट कोणालाच नाही, मग तो भाडेकरू असो वा मालक. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ जण मेले. तळमजल्यावर खांबांना धक्का लावणारे फेरफार चालले होते, असे रहिवासी तेव्हा सांगत होते. तेव्हा शेजारच्या किंवा खालच्या घरातून दिवसभर घणाचे घाव ऐकू येऊ लागले तर ‘आपण भाड्याने राहतो, आपल्याला काय’ म्हणू नये. पालिकेच्या प्रभाग कार्यालयात तक्रार द्यायला घर स्वतःचे असावे लागत नाही.

उरले ते सांगायचे कसे. मालक वरच्याच मजल्यावर असले आणि आपण त्यांना काका म्हणत असलो, तर पत्र देणे अवघड वाटते. तरी द्यावे. तोंडी सांगितलेले दोघांनाही सोयीप्रमाणे आठवते. असे काहीसे लिहावे:

‘स. न. वि. वि. ८ जुलैपासून मागच्या खोलीच्या छतातून, बाथरूमलगतच्या बाजूस, पाणी झिरपत आहे. सुमारे दोन फूट प्लास्टर सुटले आहे. त्याखाली मुलाचे अंथरूण असते, ते सध्या हलविले आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दुरुस्ती करून द्यावी, ही विनंती. गवंड्याची वेळ कळविल्यास मी घरी थांबेन. कळावे, आपला.’

यात कायद्याचा उल्लेख नाही आणि धमकीही नाही. तारीख, जागा, माप, धोका आणि मुदत मात्र आहे. शेवटून दुसरे वाक्य सोडू नये. ‘घर बंद असतं हो त्यांचं’ ही मालकांची आवडती सबब तेवढ्याने संपते. पत्र स्पीड पोस्टाने धाडून पोच जपावी आणि त्याचाच फोटो मोबाइलवरही पाठवावा. काम आपण करून घेणार असलो तर दोन गवंड्यांचे अंदाज लेखी घ्यावेत आणि ते मालकांना दाखवून ‘यातला कोणता?’ असे विचारावे. निवड त्यांनी केली की पुढे रकमेवर वाद घालणे त्यांनाच जड जाते. भाड्यातून कापून घेताना चौथ्या हिश्शाची मर्यादा ओलांडू नये. जास्तीचे कापलेले भाडे थकबाकी ठरू शकते, आणि भांडण लघुवाद न्यायालयात गेले तर ते आपल्यावर उलटते. परवानाधारकाने तर मालकाच्या लेखी होकाराशिवाय एक रुपयाही कापू नये.

आणि अनामत रक्कम? तिचा निकाल शेवटच्या दिवशी लागतो, पण तयारी पहिल्या दिवशी करायची असते. सामान लावण्याआधी रिकाम्या घराचे फोटो काढावेत. प्रत्येक भिंत, ओट्याखालचा भाग, टॉयलेटची टाकी, फुटकी फरशी, विजेच्या मीटरचा आकडा, सगळे त्यात यावे, आणि फोटो त्याच दिवशी मालकांना पाठवावेत. राहताना मालकाचा पंखा काढून आपला लावला, त्यांची पितळी तोटी बदलून नवी बसवली, तर जुनी वस्तू टाकू नये. ती पिशवीत बांधून माळ्यावर ठेवावी आणि पिशवीवर कोणत्या खोलीतली ते लिहून ठेवावे. घर सोडायच्या आदल्या दिवशी वायरमनला अर्धा तास बोलावून त्यांचा पंखा परत चढवावा, आणि आपला उतरवून टेंपोत घालावा.